मांजर चांगलं की कुत्रा? भांडणाच्या प्रश्नातून संशोधनाचा प्रश्न



'मांजर पाळावं की कुत्रा?' हा प्रश्न कुठल्याही कट्ट्यावर टाकून बघा, तासभराची निश्चिंती. एक गट कुत्र्याच्या इमानाचे दाखले देतो, दुसरा मांजराच्या स्वच्छतेचे. मग 'मांजर मतलबी असतं', 'कुत्रा रात्रभर भुंकतो' वगैरे सुरू होतं आणि शेवटी जो तो आपलं मत घेऊन घरी जातो. आता समजा, हाच प्रश्न तुम्ही पीएच.डी.च्या मुलाखतीत विषय म्हणून मांडलात. समोरचे प्राध्यापक हसतील, आणि ते बरोबरच असेल. या रूपात त्या प्रश्नाला उत्तर नाही.

पण टाकून देण्याइतका हा प्रश्न वाईट नाही. त्याच्या पोटात इतिहासाचा एक चांगला प्रश्न आहे. तो बाहेर कसा काढायचा, हे आज दोन प्रसंगांवरून बघू. पहिला १८३२ चा, मुंबईतला, कुत्र्यांचा. दुसरा १९०८ च्या सुमाराचा, अमरावतीचा, मांजरांचा. संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेल्यांनी जरा लक्ष देऊन वाचा, कारण कुत्र्या-मांजराच्या जागी तुमचा कुठलाही विषय ठेवता येईल.

आधी शब्द तपासा

इंग्रजीतल्या 'पेट' या शब्दासाठी आपण सर्रास 'पाळीव प्राणी' म्हणतो. पण शाळेतला 'पाळीव प्राणी' हा धडा आठवा. त्यात गाय होती, म्हैस होती, शेळी, कोंबडी, बैल सगळे होते. 'पेट'मध्ये म्हैस बसत नाही. म्हणजे निव्वळ लाडासाठी, सोबतीसाठी ठेवलेला प्राणी ही वेगळी कोटी आपल्या जुन्या शब्दात नाही. दूध देणारी, राखण करणारा, उंदीर मारणारं, अंडी देणारी अशी सगळी मंडळी एकाच शब्दात राहतात.

आणखी एक गंमत बघा. मांजराबद्दल लोक बरेचदा 'आम्ही मांजर पाळलंय' असं म्हणतच नाहीत. 'आमच्याकडे एक मांजर असतं' किंवा 'एक मांजर येतं' असं म्हणतात. गल्लीतल्या कुत्र्याचंही तसंच. चार घरांतून त्याला पोळी मिळते, त्याला नाव असतं, रात्री तो अनोळखी माणसावर भुंकतो, पण मालक कोण असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. हा कुत्रा 'पाळीव' की 'भटका'? तुमच्या प्रश्नावलीत दोनच चौकोन असतील तर हा कुत्रा कुठल्याच चौकोनात नीट बसणार नाही. १८३२ मध्ये नेमका याच चौकोनांवरून दंगा झाला.

१८३२: कुत्रा कोणाचा?

त्या काळच्या मुंबईत मोकाट कुत्रे मारण्याचा नियम नवा नव्हता. उन्हाळ्याच्या दिवसांत पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका वाढतो या समजुतीवर तो १८१३ पासून अमलात होता. १८३२ मध्ये ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आता क्षणभर त्या शिपायाच्या जागी उभे राहा. डोक्याला, म्हणजे शेपटाला म्हणा, आठ आणे मिळत असतील तर समोरचा कुत्रा मोकाट आहे की कोणाच्या ओट्यावरचा, हे बारकाईने बघण्यात त्याचा काय फायदा? बक्षिसाची पद्धतच अशी होती की तिने 'मोकाट'ची व्याख्या सैल व्हावी.

६ जून १८३२ रोजी फोर्ट भागात पारशी जमावाने कुत्रे मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. तो दिवस पारशांच्या दृष्टीने पवित्र होता. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. 'वेंदिदाद' या धर्मग्रंथाचा एक अख्खा अध्याय कुत्र्यांविषयी आहे, आणि माणूस गेल्यावर त्याच्या देहाला कुत्र्याची दृष्टी पडावी म्हणून 'सगदीद' हा विधी करतात. तेव्हा संताप येणं साहजिकच होतं.

पण गोष्ट इथे थांबली नाही. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, बाजार बंद झाला. त्यात पारशांबरोबर हिंदू आणि जैन व्यापारीही होते. कुलाब्याच्या लष्कराकडे जाणारं सामानसुमान अडवलं गेलं. सरकारला फौज बोलवावी लागली, लोकांना अटक झाली. पुढे शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींनी मध्यस्थी केली, आणि कुत्रे मारण्याऐवजी त्यांना शहराबाहेर नेण्याचा मार्ग पुढे आला. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. आज आपण ती गाईंसाठी ओळखतो, पण तिच्या जन्मामागे गल्लीतल्या कुत्र्यांचं भांडण आहे.

इतिहासकार जेसी पालसेटिया यांनी २००१ मध्ये या दंगलीवर एक अभ्यासपूर्ण लेख लिहिला. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो मिळवून वाचावा, विषयासाठी आणि पद्धतीसाठीही. एका लहानशा, हसण्यावारी नेता येईल अशा घटनेतून कंपनी सरकार, पारशी समाज आणि त्या समाजातले श्रीमंत व सामान्य यांच्यातले संबंध कसे वाचता येतात, हे त्यात दिसतं.

आता तुमच्यासाठी प्रश्न. या प्रसंगात 'कुत्रा चांगला' असं कोण म्हणत होतं? धर्म मानणारा पारशी त्याला पवित्र म्हणत होता. जीवदया मानणारा जैन व्यापारी एक जीव म्हणून त्याला वाचवू पाहत होता, त्याला कुत्रा आवडत असेलच असं नाही. मॅजिस्ट्रेटच्या लेखी तो रोगाचा धोका होता. शिपायाच्या लेखी आठ आणे. चौघांसमोर जनावर एकच आहे, पण 'चांगलं-वाईट' ठरवायची मोजपट्टी प्रत्येकाची वेगळी. म्हणून तुमच्या आराखड्यात 'चांगला', 'प्रभावी', 'यशस्वी', 'लोकप्रिय' असा कुठलाही शब्द आला की त्याच्यापुढे लगेच लिहायचं: कोणाच्या मते, आणि कशासाठी? निम्मं काम तिथेच होतं.

१९०८: मांजर कशासाठी?

आता मांजराकडे येऊ. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले, आणि पुढची अनेक वर्षं या रोगाने पश्चिम भारताला पोळून काढलं. सुरुवातीला सरकारचा सगळा रोख माणसांवर आणि घरांवर होता. घरझडत्या, विलगीकरण, सामान जाळणं हे सगळं तुम्ही वाचलेलं असेल. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो असं मांडलं. ते पटायला वेळ लागला. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या जागी, त्यावर पद्धतशीर प्रयोग केले आणि मग उंदीर हा सरकारी कागदांतला मोठा आरोपी झाला.

उंदीर आला म्हटल्यावर मांजर येणारच. अमरावतीचे सिव्हिल सर्जन, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अँड्र्यू ब्युकॅनन यांनी १९०८ च्या सुमारास असं मांडलं की मांजरं हा प्लेगवरचा उपाय आहे. ज्या गावांत मांजरं भरपूर आहेत तिथे प्लेग कमी, आणि जिथे मांजरं नाहीत तिथे जास्त, असा त्यांचा युक्तिवाद होता. ही चर्चा वैद्यकीय नियतकालिकांत झाली. ज्या मांजराकडे सरकारी कागदांनी एरवी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते आता सार्वजनिक आरोग्याचं साधन म्हणून दाखल झालं.

हा युक्तिवाद ऐकायला पटतो ना? मांजर उंदीर खातं, उंदीर कमी तर पिसवा कमी, पिसवा कमी तर प्लेग कमी. आता पेन हातात घ्या आणि तो तपासा.

एक, मोजणी कधी झाली? आज आपल्याला माहीत आहे की मांजरांना स्वतःलाच प्लेग होतो. संसर्ग झालेला उंदीर खाल्ला तर ती दगावतात, आणि आजारी मांजरापासून माणसालाही लागण होऊ शकते. कुत्रे त्या मानाने प्लेगमध्ये बरेच टिकाव धरतात. मग साथ येऊन गेल्यावर गावात मांजरं मोजली आणि ती कमी भरली, तर 'मांजरं नव्हती म्हणून प्लेग आला' की 'प्लेग आला म्हणून मांजरं गेली'? कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

दोन, मांजर कोणत्या घरात टिकतं? जिथे थोडंफार दूध आहे, खरकटं आहे, माणसं कायम राहतात, तिथे. मग ते घर बाकीच्या घरांपेक्षा इतर बाबतींतही वेगळं असणार. फरक मांजराने पडला की घराने?

तीन, प्लेगच्या काळात लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. गावच रिकामं असेल तर मांजरांची आणि रोग्यांची संख्या कोणी, कुठे उभं राहून मोजली?

हे प्रश्न विचारले म्हणजे ब्युकॅननला मूर्ख ठरवलं असं नाही. उंदीर कमी करायला हवेत ही त्याची दिशा बरोबर होती, आणि माणसांच्या घरांत घुसण्यापेक्षा मांजरं पाळा म्हणणं लोकांना कितीतरी सोसणारं होतं. १८९७ च्या पुण्यात घरझडत्यांवरून काय झालं, हे त्या काळच्या कुठल्याही अधिकाऱ्याला विसरणं शक्य नव्हतं. स्रोतावर टीका करायची म्हणजे लेखकाला काय दिसत होतं, काय दिसू शकत नव्हतं आणि त्याला काय हवं होतं, हे तिन्ही वेगळं करायचं.

जाता जाता एक कामाची सूचना. अमरावती आज महाराष्ट्रात आहे म्हणून तिचे त्या काळचे कागद मुंबई इलाख्याच्या दप्तरात शोधू नका. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला होता. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाण्याआधी नागपूरचा विचार करा. आजचा नकाशा डोक्यात ठेवून जुना कागद शोधायला गेलात तर दिवसच्या दिवस वाया जातात.

कागदात कोण येतं?

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. कुत्रा कागदात कसा आला? धोका म्हणून, बक्षिसाची रक्कम म्हणून, दंग्याचं कारण म्हणून. पुढेही तो असाच येत राहिला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात मोकाट कुत्र्यांविषयी तरतूद आहे, २००१ मध्ये कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम आले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या रस्त्यांवरचे कुत्रे निवारागृहांत हलवायचे की नसबंदी व लसीकरण करून परत सोडायचे, यावर सर्वोच्च न्यायालयाला दोन आठवड्यांत दोनदा आदेश द्यावे लागले. रस्त्यावरचा कुत्रा सरकारला सतत दिसत राहतो, कारण तो सार्वजनिक जागेत असतो.

मांजर मात्र घरात असतं. माळ्यावर, चुलीपाशी, धान्याच्या कणगीमागे. ते सरकारला दिसलं ते प्लेगमुळे, आणि तेही उंदराच्या निमित्ताने. आजही बघा. २०१९ च्या २०व्या पशुगणनेत देशात सुमारे १.५३ कोटी मोकाट कुत्रे नोंदले गेले. पशुगणनेत गाय, म्हैस, याक, मिथुन, उंट, हत्ती, ससा, कुत्रा अशा सगळ्यांसाठी रकाने आहेत. मांजरासाठी नाही.

आता विचार करा, शंभर वर्षांनी एखादी संशोधक हे आकडे घेऊन बसली तर काय निष्कर्ष काढेल? 'एकविसाव्या शतकातले भारतीय लोक कुत्रे आणि ससे पाळत असत, मांजरं नव्हतीच.' आपल्याला हसू येतं, कारण आपल्या डोळ्यांसमोर मांजरं आहेत. पण अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकाबद्दल लिहिताना आपण अशीच वाक्यं अगदी गंभीरपणे लिहितो. 'अमुक काळात स्त्रिया व्यापारात नव्हत्या.' 'तमुक जातीचे कारागीर या गावात नव्हते.' पुरावा काय, तर कागदात उल्लेख नाही. कागद कोणी, कोणत्या गरजेतून केला हे न विचारता काढलेला असा निष्कर्ष म्हणजे पशुगणनेवरून मांजरांचा इतिहास लिहिण्यासारखं आहे.

याचे परिणाम फक्त प्रबंधापुरते नसतात. कुत्रा चावला की लोक दवाखान्यात धावतात, ते योग्यच आहे. मांजराने ओरबाडलं तर मात्र हळद लावून मोकळे होतात. रेबीज मांजरापासूनही होऊ शकतो आणि तिथेही डॉक्टरकडे जावंच लागतं. जे मोजलं जात नाही, त्याचा धोकाही लक्षात राहत नाही आणि उपयोगही.

मग मांजर शोधायचं कुठे?

कागद गप्प असेल तर इतर साक्षीदार बोलवायचे. माझ्या यादीत पहिला साक्षीदार शिंकं. जुन्या घरात आढ्याला टांगलेलं दुधा-दह्याचं शिंकं तुम्ही पाहिलं असेल, निदान एखाद्या संग्रहालयात तरी. ते तसं उंच का टांगायचे, हे कुठल्याही आजीला विचारा. मांजराचा एकही शब्दरूप उल्लेख नसला तरी त्या घरात मांजराचा वावर होता, हे ती वस्तू सांगते.

दुसरा साक्षीदार भाषा. 'शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं', 'मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची', 'कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच' या म्हणी आपण बोलता बोलता वापरतो. यातलं मांजर बघा, ते चोरटं आहे पण घरातलं आहे. मात्र सावध राहा. म्हणीवर तारीख नसते. ती किती जुनी हे ठरवायला छापील किंवा हस्तलिखित पुरावा लागतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ मध्ये. एखादी म्हण तिथे सापडली तर 'निदान तेव्हापासून' एवढंच म्हणता येतं, त्याहून जास्त नाही.

तिसरा साक्षीदार श्रद्धा. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट घराघरांत सांगतात. मांजर आडवं गेलं की मात्र माणूस थबकतो. यावरून 'मराठी लोकांना कुत्रा प्रिय होता' असं लिहायचा मोह होईल. जरा थांबा. ज्या समाजात दत्ताच्या पायाशी कुत्रा आहे, त्याच समाजात 'कुत्रं' ही शिवीही आहे. आणि ज्या मांजराला अशुभ म्हणतात, तेच स्वयंपाकघरात राजासारखं पसरलेलं असतं. प्रतीक एक सांगतं आणि वागणूक दुसरंच. दोन्ही नोंदवा, आणि एकाला खरं ठरवून दुसरं खोडू नका.

चौथा साक्षीदार माणसं. घरातल्या वयस्कर बायकांशी बोला. मांजराच्या पिलांना दूध कोण घालत होतं, बोका कोणी हाकलला, धान्याच्या कोठीपाशी मांजर मुद्दाम ठेवत का, याची उत्तरं तुम्हाला कुठल्याही दप्तरात मिळणार नाहीत. ही माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांचं वय वाढत चाललं आहे, एवढं मात्र ध्यानात असू द्या.

आता प्रश्न पुन्हा लिहा

आपण सुरुवात केली 'मांजर चांगलं की कुत्रा?' इथून. आता त्याच कुतूहलातून निघालेले हे तीन प्रश्न बघा.

'१८१३ ते १८३४ या काळात मुंबईत मोकाट कुत्रा कोणाला म्हणायचं हे कोणी ठरवलं, आणि त्याला कोणी विरोध केला?'

'१९०० ते १९१५ दरम्यान वऱ्हाडातल्या प्लेगविषयक वैद्यकीय लिखाणात मांजराची शिफारस कोणत्या पुराव्यावर केली गेली, आणि ती किती टिकली?'

'विदर्भातल्या शेतकरी घरांत धान्य साठवण्याच्या पद्धती बदलल्या तेव्हा मांजराचं घरातलं स्थान बदललं का?'

तिन्हीत काळ आहे, जागा आहे, स्रोत कुठला हे सुचतं आहे, आणि मुख्य म्हणजे उत्तर 'नाही' असं येण्याची शक्यता आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आधीच पाठ आहे त्यासाठी पाच वर्षं घालवू नका. तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड आणि सर्वांत चांगला वाटतो, कारण त्यासाठी दप्तर सोडून घरात जावं लागेल.

आणि इतकं झाल्यावरही कोणी विचारलंच, 'पण पाळायला चांगलं काय?', तर सरळ सांगा की दाराशी राखण हवी असेल तर कुत्रा, कोठीत उंदीर झाले असतील तर मांजर, आणि दोन्ही नसेल तर ज्याची उस्तवार तुम्हाला रोज जमेल ते. इतिहास याहून जास्त सांगत नाही.

या आठवड्यात एवढं करा. तुमच्या विषयात कोण 'कुत्रा' आहे, म्हणजे कागदांत वारंवार येतो, आणि कोण 'मांजर' आहे, म्हणजे असूनही नोंदलं गेलेलं नाही, याची एका पानावर दोन रकान्यांत यादी करा. दुसरा रकाना रिकामा राहिला तर मार्गदर्शकांकडे जाण्याआधी घरातल्या, गावातल्या दोन वयस्कर माणसांशी बोलून या.